एक तासाचं व्याख्यान आणि चार खाती

मापसाहेबांना फक्त एक व्याख्यान ठेवायचं होतं. एक तासाचं. रविवारी सकाळी दहाला, इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. तीस खुर्च्या, एक टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि बोलायला एक जाणकार माणूस. एवढ्याशा कामाला सव्वादोन महिने, अकरा अर्ज आणि डोक्याला तीन टाके लागतील असं कुणी आधी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला वेड्यात काढलं असतं.

मापसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. तीस वर्षं त्यांनी वजनमाप निरीक्षक म्हणून बाजार पालथा घातला होता. तागडीखाली चिकटवलेलं मेण, पोकळ वजनं, आखूड गज, सगळं त्यांनी पकडलं होतं. दुकानदार त्यांना लांबून येताना बघून आपणहून माप वाढवून देत. त्यामुळे फसवणूक हा विषय निघाला की मापसाहेबांची मान जरा ताठ व्हायची. निवृत्तीनंतर इमारतीचं सेक्रेटरीपद आपसूक त्यांच्याकडे आलं. आपसूक म्हणजे, सभेत "कोण होतंय?" असं विचारल्यावर बाकीचे सगळे जमिनीकडे बघत होते आणि हे समोर बघत होते.

व्याख्यानाचं निमित्त झालं पहिल्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांचं. एके दिवशी सकाळी त्यांच्या फोनवरून अख्ख्या इमारतीला निरोप गेला, की मी परदेशात अडकलो आहे, पाकीट चोरीला गेलं आहे, तातडीने मदत पाठवा. चष्मेवाले त्या वेळी जिन्यात उभे राहून पेपर वाचत होते. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ खाली उतरता उतरता थांबले, फोनकडे बघितलं, चष्मेवाल्यांकडे बघितलं आणि कळवळून म्हणाले, "अरेरे! मग परत कधी येणार तुम्ही?"

त्याच संध्याकाळी मापसाहेबांनी सभा बोलावली.

"आपण अडाणी आहोत," त्यांनी सुरुवात केली. सुरुवात जरा कडक झाली हे त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. काकूंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं आणि चुकलेल्या पायरीवर बोट ठेवायला त्यांना तोंड उघडावं लागत नसे. "म्हणजे आपण सगळेच," मापसाहेबांनी सावरून घेतलं. "यावर उपाय एकच. सरकारचा माणूस आणायचा. रीतसर. त्याने आपल्याला शहाणं करायचं."

"सरकारचा कशाला?" चष्मेवाले म्हणाले. "माझा साडू कॉम्प्युटर दुरुस्त करतो. छान बोलतो."

"पंख्याचंही बघतो का तो?" मागून कुणीतरी विचारलं, आणि पुढची वीस मिनिटं हॉलमधल्या पंख्यावर गेली.

दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. सरकारी रुग्णालयात पस्तीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी अपघात विभागात. एकट्याच राहायच्या. भीती नावाची गोष्ट त्यांच्या घराचा जिना कधी चढली नव्हती असं सगळे समजत. त्या म्हणाल्या, "ठेवा व्याख्यान. मी चादर देईन पडद्याला. पण मला नका शिकवू. 'मी सुईला घाबरत नाही' असं खोटं बोलणारे हजारो बघितलेत मी. माणूस खोटं बोलला की त्याच्या मानेवरून कळतं मला."

सोमवारी मापसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून पोलिसांच्या संगणक गुन्हे शाखेत गेले. चौथा मजला, लिफ्ट बंद. खिडकीशी बसलेल्या कारकुनाने अर्ज न वाचताच विचारलं, "किती गेले?"

"काय किती गेले?"

"पैसे."

"माझे कुठे गेलेत? मला व्याख्यान हवंय. लोकांचे जाऊ नयेत म्हणून."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही फसलेला नाहीत?"

"नाही," मापसाहेब म्हणाले. तीस वर्षांची नोकरी त्या एका शब्दामागे उभी राहिली.

"मग साहेब, आम्ही काय करणार? आम्ही गुन्हा घडल्यानंतरचे. गुन्हा घडायच्या आधीचं काम जनजागृती कक्षाकडे. फसलात की या, लगेच नोंदवून घेऊ."

जनजागृती कक्ष शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याची पाटी इतकी लहान होती की मापसाहेब त्या दारावरून दोनदा पुढे गेले. आतल्या बाईंनी अर्ज आस्थेने वाचला, चहा दिला, आणि सांगितलं की व्याख्यान नक्की देऊ, फक्त विषय तांत्रिक असल्यामुळे गुन्हे शाखेचा ना हरकत दाखला लागेल. गुन्हे शाखेने सांगितलं, हरकत नाही, पण हरकत नाही असं लिहून द्यायला जनजागृती कक्षाचं पत्र लागेल. बँकेने सांगितलं, जागृती सप्ताह गेल्याच आठवड्यात झाला, आता पुढच्या वर्षी. सप्ताहात काय केलं होतं? "बँकेतल्या बँकेत फुगे लावले होते," तिथला तरुण अधिकारी प्रामाणिकपणे म्हणाला. टेलिफोन खात्याने अर्ज हातात घेतलाच नाही. म्हणाले, फॉर्म संगणकावरून भरा.

तो फॉर्म भरायला मापसाहेब टेबलाशी बसले, तेव्हा संगणकाने आधी त्यांना माणूस असल्याचं सिद्ध करायला सांगितलं. नऊ चित्रांतली सायकली असलेली चित्रं दाखवायची होती. एका चित्रात सायकलचं फक्त चाक होतं. चाकाला सायकल म्हणायचं का? वजनमाप खात्यात असताना त्यांनी अर्धवट वस्तू पूर्ण म्हणून कधीच स्वीकारली नव्हती. संगणकाने त्यांना तीन वेळा माणूस मानायला नकार दिला. चौथ्यांदा काकूंनी मागून हात घालून चाकावर बोट टेकवलं आणि मापसाहेब माणसांत आले. मग फोनवर ओटीपी आला. खाली लिहिलं होतं: हा क्रमांक कुणालाही सांगू नका. आणि संगणक म्हणत होता: क्रमांक सांगा.

"आता यातलं कुणाचं ऐकायचं?" मापसाहेबांनी विचारलं.

"दोन्ही सरकारचंच आहे ना? मग भरा," काकू म्हणाल्या. तोवर वेळ संपली होती.

शेवटी कुणीतरी सुचवलं की या सगळ्या खात्यांच्या वर एक समन्वय कक्ष आहे. चारी दिशांना तोंड केलेल्या खात्यांना एकत्र आणण्यासाठीच तो काढला आहे. मापसाहेबांनी तिथे सविस्तर पत्र पाठवलं. पत्र तीन पानांचं होतं, समास सोडलेला, परिच्छेदांना क्रमांक घातलेले. समन्वय कक्षाने ते 'पुढील कार्यवाहीसाठी' गुन्हे शाखेला पाठवलं. गुन्हे शाखेने बँकेला, बँकेने टेलिफोनला, टेलिफोनने जनजागृतीला. जनजागृती कक्षाने बारकाईने वाचून ठरवलं की हा विषय मुळात एका इमारतीपुरता आहे. पाच आठवड्यांनी पत्र मापसाहेबांच्याच पेटीत येऊन पडलं. त्यावर पाच शिक्के होते आणि खाली तांबड्या शाईत लिहिलं होतं: 'सेक्रेटरी यांनी आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही करावी.'

मापसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे दुपारी जेवले नाहीत.

आणि दोनच दिवसांनी फोन आला. "नमस्कार, मी समन्वय कक्षातून अधिकारी बोलतोय. आपलं पूर्ण नाव आणि पत्ता सांगता का जरा?"

मापसाहेबांच्या डोळ्यांसमोर सगळा बाजार उभा राहिला. अनोळखी नंबर. सरकारी असल्याचा दावा. नाव-पत्ता हवा. त्यांनी शांतपणे फोन ठेवला. पुन्हा वाजला. "अहो, ठेवू नका, तुमच्या अर्जासंबंधी..." ठेवला. तिसऱ्यांदा तो माणूस काकुळतीला येऊन म्हणाला, "साहेब, मी खरंच अधिकारी आहे हो!"

"सगळे असंच म्हणतात," मापसाहेब म्हणाले, आणि तो नंबर त्यांनी गुन्हे शाखेच्या मदतक्रमांकावर फसवणूक करणारा म्हणून नोंदवला. त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं. संध्याकाळी फिरायला जाताना त्यांनी चष्मेवाल्यांना तो प्रसंग दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा जरा वाढवून.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. समन्वय कक्षाचा अधिकृत दूरध्वनी एका नागरिकाच्या तक्रारीवरून बंद करण्यात आला असून त्या नागरिकाने कार्यालयात येऊन भेटावं.

मापसाहेब गेले ते खाली मान घालून. समन्वय अधिकारी किडकिडीत, केस पिकलेले, टेबलावर एकही कागद नसलेले असे गृहस्थ होते. मापसाहेबांनी माफीचा मजकूर पाठ करून आणला होता. पण तो सुरू व्हायच्या आधीच अधिकाऱ्यांनी उठून त्यांचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही तक्रार किती वाजता केलीत?"

"सव्वाअकराला. मला खरंच कल्पना नव्हती की..."

"आणि माझा फोन पाऊण वाजता बंद! दीड तासात! तुम्हाला कळतंय का हे? गुन्हे शाखेने टेलिफोन खात्याला कळवलं आणि टेलिफोन खात्याने ते ऐकलं! सहा वर्षं मी या खुर्चीत बसलोय, साहेब. सहा वर्षांत मी घडवून आणलेला हा पहिला समन्वय." त्यांचे डोळे भरून आले होते. "तुमच्या इमारतीत मी स्वतः येतो. आणि गुन्हे शाखा, बँक, टेलिफोन, तिघांना कानाला धरून आणतो."

एवढं झाल्यावर आता लोकांना बोलावणं ही काय मोठी गोष्ट? मापसाहेबांनी इमारतीच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. जनजागृती कक्षाने नावनोंदणीसाठी एक लिंक दिली होती, तीही टाकली. खाली लिहिलं, 'त्वरित क्लिक करा, जागा मर्यादित.'

मग चष्मेवाल्यांचा निरोप आला: 'सावधान! मापसाहेबांचा फोन हॅक झालेला आहे. कुणीही क्लिक करू नये.' त्याखाली अकरा जणांनी हात जोडले. पाच मिनिटांत सेक्रेटरींना ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं.

मापसाहेब संतापाने लाल झाले. काकू मात्र म्हणाल्या, "अहो, चिडता काय? लोक शहाणे झालेत. तुमचं व्याख्यान न होताच झालं की!" त्या हे कौतुकाने म्हणाल्या होत्या, पण मापसाहेबांना ते लागलं. शेवटी त्यांनी खडू घेतला आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. फळा कुणाला हॅक करता येत नाही. तरी चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी घरी येऊन खात्री करून घेतली, की फळ्यावरचं अक्षर त्यांचंच ना.

रविवार उजाडला. साडेनऊला समन्वय अधिकारी आले, त्यांच्या पाठोपाठ गुन्हे शाखेच्या हवालदारबाई, बँकेतला तो फुगेवाला तरुण अधिकारी आणि टेलिफोन खात्याचे गलेलठ्ठ इंजिनीअर. चौघांनी आपापली पत्रकं टेबलावर मांडली. मापसाहेबांनी सवयीने ती तपासली, तर प्रत्येक पत्रकावर मदतीचा वेगळाच क्रमांक.

"यातला खरा कुठला?" त्यांनी विचारलं.

"आमचा," तिघे एकदम म्हणाले. समन्वय अधिकाऱ्यांनी आपलं पत्रक हळूच पालथं घातलं. त्यांच्या पत्रकावरचा क्रमांक अजून चालू व्हायचा होता.

मग आधी कोण बोलणार यावरून गोड शब्दांत वाद सुरू झाला. हॉलमध्ये सात माणसं होती, त्यातली दोन पंख्याचं बघायला आली होती. आणि पडद्याची चादर आली नव्हती.

"मी आणते," म्हणून काकू वर गेल्या आणि चार मिनिटांत हात हलवत परत आल्या. त्यांनी मापसाहेबांना बाजूला घेतलं.

"अहो, वर काहीतरी बिनसलंय."

"चादर नाही का मिळत?"

"चादरीचं घेऊन काय बसलात! तिने दार बोटभर उघडलं आणि म्हणाली, 'कृपया नंतर या.' मला! 'या' म्हणाली मला! वीस वर्षं आम्ही एकमेकींना अगं-तुगं करतोय. आणि आत टेबलावर फोन उभा करून ठेवलाय, साखरेच्या डब्याला टेकवून. त्यात वर्दीतला कुणीतरी माणूस दिसत होता."

हवालदारबाईंनी ते ऐकलं. पत्रकं हातातून खाली ठेवून त्या म्हणाल्या, "चला."

काकूंकडे नर्सबाईंची एक किल्ली असायची. आवाज न करता दार उघडून सगळे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी दाटीवाटीने उभे राहिले. नर्सबाई टेबलाशी ताठ बसल्या होत्या. इस्त्रीचे कपडे घातलेले, केस नीट बांधलेले, जणू वरिष्ठांची तपासणी आहे. चेहरा मात्र असा, की मापसाहेबांना तो ओळखूच आला नाही. फोनमधला वर्दीवाला बोलत होता, "तुमच्या नावाने गुन्हा नोंद आहे. चौकशी संपेपर्यंत तुम्ही आमच्या नजरकैदेत आहात. कुणाशीही बोलायचं नाही. अर्ध्या रकमेची पडताळणी झाली. आता ठेव मोडा आणि उरलेली पाठवा."

काकूंनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो दारातून दाखवला: 'तो चोर आहे.' नर्सबाईंनी बघितलं आणि बारीकशी मान हलवली. नाही. हवालदारबाईंनी आपल्या वर्दीकडे बोट दाखवलं. तशा त्या आणखीच आक्रसल्या. कारण वर्दीवाल्याने सकाळीच बजावून ठेवलं होतं: तुम्हाला फितवायला खोटे पोलीस येतील, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

सगळे दोन पावलं मागे सरले. बाहेरच्या खोलीत कुजबुजत मसलत सुरू झाली.

"फोन हिसकावून घेऊ," मापसाहेब म्हणाले.

"नको," हवालदारबाई म्हणाल्या. "त्याला कळलं की गेलेले पैसे तो मिनिटात चार ठिकाणी पांगवणार. आधी ते अडवू दे, मग बघू त्याच्याकडे."

"अडवतो," बँकेतला तरुण म्हणाला. "पण मला तक्रार क्रमांक लागेल."

"तक्रार क्रमांकासाठी मला व्यवहाराचा क्रमांक लागेल," हवालदारबाई म्हणाल्या.

"तो तिच्याजवळच्या चिठ्ठीवर असेल," काकू म्हणाल्या. "तिने मांडीवर धरलीय बघा. लिहून घेऊन त्याला दाखवलेली दिसतेय."

आता चिठ्ठी कोण आणणार? टेबलाखालून, कॅमेऱ्यात न दिसता. हवालदारबाईंचे बूट वाजत होते. इंजिनीअर टेबलाखाली मावले नसते. काकूंचे गुडघे वाकत नव्हते. बँकेचा तरुण आपलं मुख्य कार्यालय फोनवर लागण्याची वाट बघत होता आणि तिकडून सनई वाजत होती. समन्वय अधिकारी हळूच म्हणाले, "हे माझ्या कार्यकक्षेत बसत नाही हो."

म्हणून मापसाहेब, वजनमाप खात्याचे निवृत्त निरीक्षक, इस्त्रीच्या शर्टात, व्याख्यानाच्या प्रास्ताविकाचा कागद खिशात असताना, चार पायांवर रांगत नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात शिरले. फरशी गार होती. टेबलाखाली त्यांना एक चमचा आणि एक बटण सापडलं, पण चिठ्ठी नर्सबाईंच्या मुठीत घट्ट होती. "द्या," ते पुटपुटले. मूठ आणखी आवळली. त्यांनी दोन बोटांनी चिठ्ठीचं टोक धरायला बघितलं, तर नर्सबाईंचा गुडघा त्यांच्या नाकावर आला. ते दचकून मागे झाले आणि वर उठले. टेबलाच्या खालच्या बाजूला लोखंडी पट्टीचा कोपरा होता.

"आई गं!"

"कोण आहे तिथे?" वर्दीवाला ओरडला.

नर्सबाईंनी खाली बघितलं. मापसाहेबांच्या कपाळावरून रक्ताची धार भुवईपर्यंत आली होती. आणि पस्तीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पेशंट आहे."

"तुम्ही घरात एकट्या आहात म्हणालात!"

"डोकं फुटलंय त्याचं. साहेब, दोन मिनिटं द्या. पट्टी बांधते आणि बसते पुन्हा."

"जागेवरून हलायचं नाही! मरू दे त्याला!"

मग टेबलाखाली नर्सबाईंचा हात आला. त्या हाताने चिठ्ठी मापसाहेबांच्या तळव्यात ठेवली. पुन्हा वर गेला, टेबलावरचा धुतलेला रुमाल घेऊन आला, आणि न बघता नेमक्या जखमेवर दाबून बसला. चेहरा तसाच कॅमेऱ्याकडे होता. पण आता तो अपघात विभागातला चेहरा होता.

"बरं साहेब," त्या नरमाईने म्हणाल्या. "नाही हलत. ठेव मोडायला जरा वेळ लागेल, माझा हात थरथरतोय. पण तुम्हाला खोकला किती दिवसांपासून आहे हो?"

"काय?"

"मघापासून ऐकतेय. कोरडा आहे. पडल्यावर वाढतो का?"

पलीकडे खोकल्याची उबळ आली. "वाढतो," तो म्हणाला. "पण तुम्ही आधी ठेव मोडा!"

"मोडतेय हो. छातीत दुखतं का?"

मापसाहेब रुमाल धरून रांगत बाहेर आले आणि मग त्या बाहेरच्या खोलीत जे घडलं, ते समन्वय अधिकारी पुढे कितीतरी दिवस जो भेटेल त्याला सांगत होते. हवालदारबाईंनी चिठ्ठीवरून तक्रार नोंदवली. बँकेची सनई थांबली आणि तिकडचा माणूस म्हणाला, गुन्हे शाखेकडून लेखी आल्याशिवाय काही होणार नाही. गुन्हे शाखेतला कारकून म्हणाला, आज रविवार. समन्वय अधिकाऱ्यांनी एका कानाला हा फोन लावला, दुसऱ्या कानाला तो, आणि सहा वर्षं साठवून ठेवलेल्या आवाजात ओरडले, "तुम्ही दोघं आता एकमेकांशी बोला! माझ्यातून बोला! बोला!" दोघं बोलले. लेखी आलं. पैसे ज्या खात्यात गेले ते खातं दुसऱ्या बँकेचं निघालं. तिथे बँकेच्या तरुणाची वर्गमैत्रीण होती. इंजिनीअरांनी वर्दीवाल्याचा नंबर आपल्या खात्यात कळवून ठेवला. आणि आत नर्सबाई त्या भामट्याला गुळण्या कशा करायच्या ते समजावून सांगत होत्या. अकरा मिनिटं.

"थांबले!" बँकेचा तरुण कुजबुजला. त्याला इतका आनंद झाला की त्याने इंजिनीअरांना मिठी मारली. ते काम सोपं नव्हतं. "पैसे अडवले! तिथेच अडकलेत!"

हवालदारबाईंनी टोपी सारखी केली, आत गेल्या, खुर्ची ओढून नर्सबाईंच्या शेजारी कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार. आता जरा माझी वर्दी बघा."

पडदा काळा झाला.

नर्सबाईंनी फोन पालथा घातला. मग त्यांचे हात खरोखरीच थरथरायला लागले. काकूंनी ते आपल्या हातांत घेतले.

"खऱ्या साहेबांची नोकरी पस्तीस वर्षं केली गं मी," नर्सबाई म्हणाल्या. "ओरडणारे होते, आळशी होते, खाणारे होते. पण 'मरू दे त्याला' म्हणणारा एकही नव्हता. तेव्हा कळलं." मग त्यांनी मापसाहेबांकडे वळून बघितलं. "साहेब, बसा इथे. तीन टाके पडतील. आणि घाबरत नाही असं खोटं सांगू नका."

मापसाहेबांनी सांगितलं नाही.

टाके घालून होईपर्यंत अख्खी इमारत जिन्यात जमली होती. सात माणसांची चाळीस झाली होती. नर्सबाई दारात उभ्या राहिल्या. कुणी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "मी फसले होते. सकाळी आठपासून. मला सगळं कळतं असं वाटायचं मला, म्हणून फसले. आणि लाज वाटली म्हणून दार नीट उघडलं नाही. बस, एवढंच."

मग खालच्या पायरीवरून चष्मेवाले घसा खाकरून म्हणाले, "माझा फोन आपोआप हॅक झाला नव्हता. मीच लॉटरीच्या लिंकवर बोट ठेवलं होतं."

चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "मी तुम्हाला त्या दिवशी पैसे पाठवले होते. परदेशात. तुम्ही समोर उभे असताना."

कुणीतरी हसलं, आणि मग बांध फुटल्यासारखं एकेक जण बोलायला लागलं. कुणाचं पार्सल अडकलं होतं, कुणाची वीज तोडली जाणार होती, कुणाला बक्षीस लागलं होतं.

आता मापसाहेबांचं असं होतं, की त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती, म्हणून आपणही इथवर गप्प राहिलो. चष्मेवाल्यांच्या त्या निरोपाच्या महिनाभर आधी, जुनी पितळी वजनं विकणाऱ्या एका माणसाला त्यांनी फोनवरूनच आगाऊ पैसे पाठवले होते. वजनं आली नाहीत. माणूसही उरला नाही. तीस वर्षं ज्याने वजनं तपासली, त्याला वजनांतच फसवलं होतं. त्यांनी गुन्हे शाखेच्या खिडकीवर 'नाही' म्हटलं होतं ते सरळ खोटं होतं.

मापसाहेबांनी खिशातून प्रास्ताविकाचा कागद काढला, तो उलगडला, बघितला आणि पुन्हा घडी घातली. "मी पण," ते म्हणाले. आणि सगळं सांगितलं. वजनांसकट.

सगळे हसले, पण त्या हसण्यात त्यांना टोचणारं काही नव्हतं. त्यांनी भीत भीत काकूंकडे बघितलं. काकू त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला होता.

"अगं, तू?" मापसाहेबांचा आवाज फुटला. "तू कधी?"

"दोन वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "गुडघ्याचं तेल. तुम्ही ओरडाल म्हणून नाही सांगितलं."

हवालदारबाईंनी वही काढली, जिन्याच्या कठड्यावर ठेवली आणि पेनाचं टोपण उघडलं. "सगळ्यांचं लिहून घेते. गर्दी करू नका, रांग लावा."

रांग लागली. दुसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत, प्रत्येक पायरीवर एक माणूस. सगळे एकमेकांना आपापली फजिती सांगत होते. चौघा अधिकाऱ्यांसाठी आणि रांगेसाठी वरून चहा आला, तो पायरी पायरीने हातोहात खाली गेला. मापसाहेब, डोक्याला पट्टी बांधून, रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर सातवा होता. सहावा काकूंचा.

"माझ्या आधी?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझं जुनं आहे," काकू म्हणाल्या आणि चहाचा कप मागे त्यांच्या हातात दिला.